बैलघोडा

परळला जाऊन कुणालाही 'बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स कुठे आहे' असं विचारून पाहा. समोरचा माणूस जरा घुटमळतो. 'बैलघोडा कुठे?' म्हटलंत की पानाच्या गादीवर बसलेलासुद्धा हात करून वाट दाखवतो. आज त्या फाटकातून आत जाणाऱ्यांच्या कडेवर बहुतेक करून कुत्री-मांजरं असतात. तरी लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते बैलघोडाच. मुंबई बैलांच्या खांद्यांवर आणि घोड्यांच्या टापांवर चालत होती, तेव्हाचं हे नाव. संगमरवरी पाटीवर जे लिहिता आलं नाही, ते गाडीवानांनी या दोन शब्दांत लिहून ठेवलं.

मी वसईचा. आमच्याकडून परळचा रस्ता फार जुना आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. त्या रुळांवरून माणसं गेली, केळी गेली, पानवेलीची पानं गेली, भाजी आणि दुधाच्या बरण्या गेल्या. आणखी एक जिनस गेला, ज्याचा उल्लेख आमच्या गावगप्पांत क्वचित होतो: गवत. वसईपासून डहाणूपर्यंतच्या माळांवरचं, वाड्याच्या डोंगरउतारांवरचं गवत दिवाळीच्या आसपास कापलं जायचं, वखारीत आणून दाबलं जायचं आणि गठ्ठे बांधून रेल्वेच्या वाघिणींतून नाहीतर खाडीतल्या पडावांतून मुंबईला रवाना व्हायचं. तिथल्या तबेल्यांत म्हशी होत्या, पागांत घोडे होते, अड्ड्यांवर बैल होते. त्यांच्या गव्हाणीत आमच्या बाजूचा चारा पडत होता.

मी या विषयाच्या मागे लागलो तो या गवतामुळे. जनावर शहरातलं, चारा आमचा, आणि औषध? आमच्याकडच्या जनावराला औषध कुणी दिलं, कधी दिलं, हा प्रश्न मला घरातूनच मिळाला होता. त्याचं उत्तर शोधायचं तर परळला जाणं भाग होतं.

सुरुवात मात्र परळच्याही आधीची आहे, भुलेश्वरची. १८३२च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायला काढली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. लोक खवळले, दुकानं बंद झाली, किल्ल्यात दंगल झाली. या क्षोभातून दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. पारशी आणि जैन अशा दोन परंपरांतली भूतदया तिथे एका आवारात आली. म्हातारं, लुळं, टाकून दिलेलं जनावर तिथे मरेपर्यंत राहायचं. त्याला चारा-पाणी मिळायचं, पण तंगडं मोडलेला बैल तिथे तंगडं मोडलेलाच राहायचा. सांभाळ करणं हे पांजरपोळीचं काम होतं, आणि ते तिने निष्ठेने केलं. बरं करणं हे काम वेगळं. त्याला दयेखेरीज शरीरशास्त्र लागतं, शस्त्रं लागतात, शिकलेला हात लागतो.

तसं ज्ञान आपल्याकडे नव्हतंच, असं म्हणणं चूक होईल. घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य शालिहोत्र. त्याच्या नावावरूनच घोड्यांच्या वैद्याला आपण सालोत्री म्हणत आलो. खेड्यात हाड बसवणारे होते, खांद्याची सूज उतरवणारे होते. पण सालोत्र्याची विद्या बापाकडून मुलाकडे जायची, आणि ती होती मुख्यतः राजांच्या नि सरदारांच्या घोड्यांसाठी. कुणब्याच्या बैलाच्या वाट्याला बहुतेक वेळा तापलेली सळई यायची. पोट फुगलं, डागा. पाय लंगडतो, डागा. मान सुजली, डागा. आमच्या घरात डागणीची सळई गोठ्याच्या आढ्याला खोचलेली असायची, ती माझ्या वडिलांनी पाहिली आहे.

इंग्रज सरकारला जनावरांची काळजी वाटली तीसुद्धा आधी घोड्यांची, कारण लष्कर घोड्यांवर होतं. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली ती याच गरजेतून. गाईबैलांकडे सरकारचं लक्ष वेधलं बुळकांडीने. ज्याला इंग्रजीत रिंडरपेस्ट म्हणतात, तो हा रोग. जनावराला सणकून ताप, तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, मग पाण्यासारखी हगवण, आणि आठवड्याभरात दावण रिकामी. १८६९ साली सरकारने जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथींचा आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७१ साली आला. देशी माणसांना पशुवैद्यक शिकवलं पाहिजे, गुरांच्या रोगांसाठी वेगळं खातं हवं, ही दिशा तेव्हापासून कागदावर होती. कागदावरून जमिनीवर यायला तिला पंधरा वर्षं लागली, आणि मुंबईत ती आली तेव्हा आधी धावून आला तो सरकारी तिजोरीचा पैसा नव्हता.

त्याआधी १८७४ हे साल पाहायला हवं. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीने वीस गाड्या आणि दोनशे घोडे घेऊन धंदा मांडला. कुलाबा ते पायधुणी असा एक मार्ग, बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी असा दुसरा. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत. १९०५ साली घोड्यांची ट्राम बंद झाली तेव्हा कंपनीच्या पागेत १,३६० घोडे होते. दोनशेवरून तेराशेसाठ. या एका आकड्यावरून त्या काळातल्या रस्त्याची कल्पना यावी. शिवाय व्हिक्टोरिया होत्या, साहेबांच्या बग्ग्या होत्या, आणि बंदरावरचा कापूस गिरण्यांत नेणारे, गिरण्यांतलं कापड पुन्हा बंदरावर आणणारे खटारे होते. ते बैल ओढत. दगडी फरसबंदीवर बैलाच्या पायाची पत्री झिजे, जू घासून खांदा सोलवटे, त्या जखमेवर माश्या बसत आणि सकाळी गाडीवान पुन्हा त्याच खांद्यावर जू ठेवी. त्यालाही सांज पडायच्या आत भाडं मारायचं असे. बैलाला विश्रांती म्हणजे घरची चूल बंद. ही दुहेरी कोंडी समजून घेतल्याशिवाय त्या काळातल्या क्रौर्याबद्दल बोलू नये, असं मला वाटतं.

त्याच १८७४ साली जनावरांवरचं क्रौर्य थांबवण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली. तिची माणसं रस्त्यावर उभी राहून लंगडा घोडा, सोललेल्या खांद्याचा बैल हेरत आणि मालकाला न्यायाधीशापुढे उभं करत. दंड होई. पण दंड झाल्यावर त्या जनावराचं काय? मालक त्याला घरी नेणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपणार. जखमी जनावर बरं होईपर्यंत ठेवायचं कुठे, हा प्रश्न संस्थेपुढे उभा राहिला. त्याचं उत्तर दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलं.

पेटिट हे गिरणीमालक. मुंबईच्या कापड-उद्योगाच्या पहिल्या पिढीतलं हे नाव, पुढे १८९० साली त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. १८८३ साली परळला जनावरांचं इस्पितळ उभं करण्यासाठी त्यांनी हात सैल केला आणि त्याला पत्नीचं, साकरबाईंचं, नाव दिलं. ज्यांच्या गिरण्यांचा कापूस बैल ओढत होते, त्या वर्गातूनच बैलांसाठी इस्पितळ यावं, यात मला तरी न्याय दिसतो. जागाही नेमकी होती. परळ तेव्हा शहराच्या उत्तरेकडचं टोक, मोकळं, हवेशीर. पण गिरणगाव तिथून जवळ, म्हणजे रोगी जनावरांचा पुरवठाही जवळ.

हेच ते १८८३ साल, ज्या साली जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. जंगलखात्याने गावोगावची चराऊ रानं आवळली आणि कुणब्याची गुरं उपाशी पडली, ही त्यांची तक्रार त्यात आहे. एकाच इलाख्यात, एकाच वर्षी, मुंबईत जखमी बैलाला खाट मिळत होती आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी धडधाकट बैलाला चरायला रान मिळत नव्हतं. हे दोन्ही खरं होतं. पेटिटांच्या दातृत्वाला यात कमीपणा येत नाही. पण गावाकडचा माणूस हे दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

इस्पितळ आलं, आता शिकवण्याची सोय झाली. रोग्यांवाचून वैद्यकाचं कॉलेज चालत नाही, हे माणसांच्या बाबतीत जितकं खरं, तितकंच जनावरांच्या. २ ऑगस्ट १८८६ रोजी त्याच आवारात बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झालं. इस्पितळ संस्थेचं, कॉलेज सरकारचं, आणि दोघांना जोडणारे पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील.

स्टील यांच्याबद्दल मराठीत जवळजवळ काही लिहिलं गेलेलं नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात शिकलेला आणि तिथेच शिकवलेला हा माणूस लष्करी पशुवैद्य म्हणून हिंदुस्थानात आला. त्याच्या हातून झालेलं लेखन पाहिलं की थक्क व्हायला होतं. घोड्याच्या शरीररचनेवर पुस्तक, बैलाच्या रोगांवर पुस्तक, कुत्र्याच्या रोगांवर, मेंढीच्या, उंटाच्या. १८८५ साली हत्तीच्या रोगांवरही एक. फ्रेडरिक स्मिथ यांच्याबरोबर त्यांनी हिंदुस्थानातलं पशुवैद्यकाचं त्रैमासिक चालवलं. आणि ब्रह्मदेशात वाहतुकीची खेचरं एका चिवट तापाने मरत होती, तिथे जाऊन त्यांनी सर्रा या रोगाचा माग काढला. त्याआधी पाच वर्षं, १८८० साली, ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माइल खानला आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा एक सूक्ष्म जीव पाहिला होता. सूक्ष्म जीवामुळे रोग होतो हे तेव्हाचे पुष्कळ मोठे डॉक्टर मानायला तयार नव्हते. स्टील यांनी ब्रह्मदेशातल्या खेचरांच्या रक्तात तोच जीव पाहिला आणि त्याला इव्हान्स यांचं नाव दिलं. त्याचं वर्गीकरण त्यांनी चुकीचं केलं, ते पुढे सुधारलं गेलं, इव्हान्स यांचं नाव मात्र आजही त्या जीवाला चिकटलेलं आहे. परळच्या पहिल्या वर्गापुढे उभा राहिलेला शिक्षक असा होता. १८९१ साली, ऐन तारुण्यात, ते वारले. कॉलेजला त्यांची उणीपुरी पाच वर्षं मिळाली.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्याला जी. बी. व्ही. सी. ही पदविका मिळे, म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ द बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज. जुन्या लोकांच्या तोंडी 'जीबीव्हीसी डॉक्टर' असा एकच शब्द असे. शिक्षण इंग्रजीतून, म्हणजे येणारा मुलगा शाळा शिकलेला हवा. त्या काळी शाळा शिकलेला म्हणजे बहुधा वरच्या जातींतला. अशा मुलाला पहिल्याच वर्षी मेलेल्या घोड्याचं, मेलेल्या बैलाचं शरीर फाडून शिकावं लागे.

या गोष्टीपाशी मी फार घुटमळलो. गावात मेलेलं ढोर ओढणं आणि सोलणं हे काम महारांवर लादलेलं होतं, आणि ते करतात म्हणून त्यांना दूर ठेवलेलं होतं. बैलाचं काळीज कुठे असतं, रोगाने मेलेल्या गाईची प्लीहा कशी फुगते, आतड्यांवर लाल चट्टे कसे उठतात, हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांना कुणी कधी विचारलं नाही. परळच्या शवविच्छेदनाच्या टेबलावर तेच काम विद्या ठरलं. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेली ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं, तेव्हा ते स्वतः परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते, कॉलेजपासून फार लांब नाही. गावकीने लादलेल्या कामातून सुटणं आणि तेच शरीर विद्यार्थी म्हणून उघडणं, यात केवढं अंतर आहे ते या दोन पत्त्यांवरून कळतं.

कॉलेज आणि इस्पितळ एकमेकांत कसे गुंतले होते, ते एका बैलाच्या वाटेवरून पाहता येईल. मस्जिद बंदरला एक खटारा चालला आहे. संस्थेच्या माणसाला बैलाच्या खांद्यावर पू दिसतो. गाडी थांबते, चौकीवर नोंद होते. १८९०च्या क्रौर्य प्रतिबंधक कायद्याने, कामाला नालायक झालेलं जनावर जुंपणं हा गुन्हा ठरवला आणि असं जनावर दवाखान्यात पाठवायची सोय केली. बैल परळला येतो. तिथे तो एकाच वेळी तीन गोष्टी असतो: संस्थेच्या लेखी सोडवलेला जीव, न्यायालयाच्या लेखी पुरावा, आणि बाकाशी वही घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या लेखी धडा. जखम धुतली जाते, कापली जाते, पट्टी बदलली जाते. विद्यार्थी रोज तीच जखम पाहतो, म्हणून ती भरते कशी हे त्याला कळतं. चाऱ्याचा आणि औषधाचा खर्च मालकाकडून वसूल व्हायचा. गाडीवान फाटकाबाहेर घिरट्या घालत असणार. बैल बरा होऊन येतो की नाही, त्याआधी खर्च किती निघतो, या दोन चिंतांत.

त्याच कायद्यात फुक्याला बंदी होती. म्हशीने दूध चोरू नये म्हणून तिच्या योनिमार्गात हवा फुंकायची, अशी ही तबेल्यांतली पद्धत. लिहितानाही हात अडतो, पण लिहायला हवं, कारण मुंबईचं दूध तेव्हा असंही निघत होतं. दाटीवाटीने बांधलेल्या म्हशी, भाकड झाली की खाटकाकडे, आणि नवी व्यालेली म्हैस गुजरात-काठेवाडहून रेल्वेने. या चक्रातून म्हशींना बाहेर काढण्याचा मोठा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर आरे कॉलनीत झाला.

घोड्यांच्या बाजूला भीती होती ती ग्लँडर्सची. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी, गाठी फुटून व्रण. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि त्या काळी झाला म्हणजे माणूस वाचत नसे. १८७९ साली त्याच्यासाठी कायदा झाला, १८९९ साली तो नव्याने केला. रोगी ठरलेला घोडा मारायचा, हाच उपाय. परळला जनावर घेऊन येणाऱ्या व्हिक्टोरियावाल्याच्या छातीत धडधडत असणार, कारण डॉक्टरने नाकपुडी उलगडून मान हलवली की त्याचं पोट त्या क्षणी गेलं. पण ज्याने ती नाकपुडी उलगडली, त्या तरुण डॉक्टरचीही छाती धडधडत असणार. लस नव्हती, प्रतिजैविकं नव्हती. त्याचा हात आणि घोड्याचं नाक यांच्यात काहीच नव्हतं.

या सगळ्यात बुळकांडी कुठे होती? गावात. ती शहराच्या रस्त्यावर दिसेपर्यंत गावंच्या गावं रिकामी झालेली असत. तिच्यावर संशोधन सुरू झालं तेही महाराष्ट्रातच. १८८९च्या डिसेंबरात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाताखाली शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. पण इतक्या संसर्गजन्य रोगाचे प्रयोग भरवस्तीत आणि गुरांच्या मुलखात करणं धोक्याचं, म्हणून ती काही वर्षांत कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. १८९७ साली रॉबर्ट कॉख आफ्रिकेत किंबर्लीला बुळकांडीवर काम करत होते. तिथे मेलेल्या जनावराचं पित्त टोचून निरोगी जनावर वाचवायची पद्धत त्यांनी काढली, आणि तिथूनच ते मुंबईला प्लेगची पाहणी करायला आले. गुरांच्या साथीवरून उठून माणसांच्या साथीकडे. १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, आणि परळला जनावरांचा दवाखाना नि माणसांची लस शेजारी-शेजारी झाल्या. पुढे केईएम आलं, टाटा आलं. आज परळ म्हणजे इस्पितळांचं गाव. त्यातलं पहिलं मोठं इस्पितळ बैलघोड्याचं होतं, हे रोज तिथून जाणाऱ्यांतल्या किती जणांच्या मनात येत असेल?

मुक्तेश्वरची रक्तरसाची लस बाटल्यांतून जिल्ह्यांत जाऊ लागली. ती टोचायला माणसं हवी होती, आणि ती परळहून निघत होती. १८९२ पासून नागरी पशुवैद्यक खातं होतं, आणि जीबीव्हीसी झालेला तरुण तालुक्याच्या दवाखान्यावर नेमला जाई. त्याच्या हद्दीत गावं किती असत? १९२८ साली शाही कृषी आयोगाने शिफारस केली की दर पंचवीस हजार गुरांमागे निदान एक पशुवैद्य असावा. शिफारस इतकी माफक असेल तर प्रत्यक्ष स्थिती किती वाईट असेल, ते वेगळं सांगायला नको. पंचवीस हजार! रोज शंभर जनावरं तपासली तरी एक फेरी पुरी व्हायला आठ महिने लागतील.

आता पुन्हा गवताकडे येतो, कारण ते मध्ये कुठेही थांबलेलं नव्हतं. ट्रामचे घोडे गेले, मोटारी आल्या, पण तबेल्यांतल्या म्हशी वाढत गेल्या आणि ठाणे जिल्ह्यातलं गवत वाघिणींतून जातच राहिलं. ते कापत होते वारली. सावकार-जमीनदारांच्या माळांवर, वेठीने किंवा जवळजवळ वेठीने. १९४५च्या मे महिन्यात झरीला त्यांची परिषद भरली. शेतकरी पुढारी गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर ते उभे राहिले, आणि त्या पावसाळ्यानंतर त्यांनी गवतकापणीचा संप केला. मागणी साधी होती, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. त्यांत जेठ्या गांगड होते. मुंबईच्या म्हशीपुढे पडणाऱ्या पेंढीची ही किंमत आहे. पशुवैद्यकाच्या इतिहासात तलवाड्याचं नाव येत नाही. माझ्या मते यायला हवं. जनावराच्या आरोग्याचा पाया चारा असतो, हे परळच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवत असतील, तर तो चारा कुणाच्या हातांनी आला हेही त्याच धड्यात येतं.

आमच्या घरची गोष्ट याच सुमाराची, थोडी आधीची. वसईच्या बागायतीत तेव्हा विहिरीवर रहाट होते. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा गोल फिरायचा, पोहऱ्यांची माळ वर यायची, पन्हळीतून पाणी केळींना जायचं. पहाटे तीन-चारला रहाटांची कुरकुर सुरू व्हायची आणि गाव त्या आवाजाने जागं व्हायचं. नांगराचा बैल आजारी पडला तर हंगाम लांबतो. रहाटाचा रेडा पडला तर आठ दिवसांत बाग मान टाकते. आजोबांचा रेडा पहिल्या पावसाला घटसर्पाने गेला. सकाळी त्याने पेंड खाल्ली नाही, दुपारी गळा सुजला, श्वास घरघरू लागला. सळई तापवून गळ्याला डाग दिला. रात्री तो गेला. घटसर्पाला तेवढाच वेळ लागतो. त्या वर्षी आजोबांनी आणि आजीने रात्री रहाटाला स्वतःचे खांदे लावून बागेला पाणी दिलं, असं वडील सांगतात. आजीला कुणीतरी नंतर म्हणालं, 'अहो काकू, परळला जनावरांचं मोठं इस्पितळ आहे, तिथे न्यायचा होता.' आजी म्हणाली, 'परळ का माझ्या दारात आहे? आमचं गवत तिथे जातं. तिथला डॉक्टर इथे येत नाही.'

तिच्या या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. एवढी वर्षं मला ते रागाचं वाक्य वाटत होतं. परळचे कागद, कायदे, आयोग, आकडे पाहिल्यावर वाटलं, ती एक अचूक नोंद होती.

पण ती कायमची राहिली नाही. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला होता आणि त्यातून लस बनवली होती. एकदा टोचली की गाईबैलाला वर्षानुवर्षं संरक्षण. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली या लशीच्या बळावर देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम निघाली. गावोगाव, गोठ्यागोठ्यात. त्याला माणसं लागली, हजारोंनी, आणि मुंबई राज्यात ती माणसं पुष्कळशी परळलाच घडलेली होती. भारतातली बुळकांडीची शेवटची साथ १९९५ची. २०११ साली जगातून हा रोग संपल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने पुरता संपवलेला हा दुसराच रोग. आजच्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने बुळकांडीचं जनावर पाहिलेलं नाही, ते तो पुस्तकातच वाचतो. कॉलेज आता नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे, गोरेगावलाही त्याचं आवार आहे, आणि बैलघोडा परळला त्याच्या जागेवर आहे. वसई-विरारची महानगरपालिका झाली, रहाट गेले, विहिरीवर पंप आले. २०२२ साली गुरांत लम्पीची साथ आली तेव्हा राज्यभर गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. पुन्हा एकदा बकरीनेच गाईला हात दिला.

बुळकांडीची ती मोहीम आमच्या आळीत आली तेव्हा वडील दहा-अकरा वर्षांचे होते. खांद्याला पेटी लावून, सायकलवरून एक तरुण डॉक्टर आला. आळीतली गुरं वाडीच्या तोंडाशी बांधून ठेवली होती. त्याने एकेकाला टोचलं, वहीत नोंद केली. आमचा नवा रेडा जरा मारका होता, त्याला वडिलांनी वेसणीने धरलं. काम झाल्यावर आजीने डॉक्टरला ओटीवर बसवून पाहुण्यांच्या कपात चहा दिला.

'परळहून आलात का हो डॉक्टर?'

'नाही आजी, इथल्याच दवाखान्यातून.'

'मग शिकलात कुठे?'

'परळलाच.'

आजीने मान डोलावली. 'या,' म्हणाली, 'आलात एकदाचे,' आणि आत जाऊन त्याच्यासाठी सुकेळ्यांचा पुडा घेऊन आली.